चॉकलेटच्या खास दुकानात पहिल्यांदा जाताना

काचेच्या कपाटात ओळीनं बसवलेली तीस-चाळीस छोटी चॉकलेटं. एखाद्यावर सोनेरी रेघ, एखाद्यावर भाजलेल्या हेझलनटचा अर्धा दाणा, एखादं नुसतंच चौकोनी आणि काळंभोर. पलीकडे हातमोजे घालून उभी असलेली मुलगी विचारते, "काय देऊ?" आणि आपण बोट दाखवत सुटतो. हे एक, ते एक, तेही एक.

पहिल्या वेळी मी अगदी हेच केलं. बारा घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसून एकामागोमाग एक सात खाल्ली. पहिल्यात मीठ घातलेलं कॅरामल होतं, ते अजून आठवतं. चौथ्यापासून पुढचं काहीच आठवत नाही, कारण तोवर जिभेला गोडाशिवाय काही कळेनासं झालं होतं. उरलेली पाच पिशवीत राहिली आणि घरी पोचेपर्यंत मऊ पडून एकमेकांना चिकटली. सारण भरलेलं असं एक चॉकलेट तयार व्हायला सहज दोन दिवस जातात. कवच ओतायचं, सारण भरायचं, ते रात्रभर आवळू द्यायचं, मग खालून बंद करायचं. ती मेहनत मी दहा मिनिटांत वाया घालवली, याचं मला खरंच वाईट वाटलं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं कमी घ्यावं आणि सावकाश खावं, एवढं सांगण्यासाठी हा लेख लिहितोय. सावकाश म्हणजे नेमकं कसं, ते पुढे येईलच.

जाण्याआधी

दोन जेवणांच्या मधली वेळ धरा. भुकेल्या पोटी गेलात तर चवीकडे लक्ष राहत नाही, भरल्या पोटी गेलात तर गोड नकोसं होतं. सकाळी नाश्त्यानंतर दोन-एक तासांनी जीभ ताजी असते. त्याआधीचा तासभर कॉफी, तिखट, च्युइंगम आणि पुदिन्याची टूथपेस्ट टाळा. अत्तरही नको. सर्दी झाली असेल तर सरळ दुसरा दिवस ठरवा.

सर्दीचं एवढं का, ते घरीच करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चॉकलेटचा एक तुकडा जिभेवर ठेवा. गोड कळेल, थोडं कडू कळेल, फार तर आंबट. तुकडा विरघळायला लागला की नाक सोडा. घशाच्या मागून वास वर चढतो आणि चॉकलेट एकदम 'चॉकलेट' होतं. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा भाग हा असा मागच्या दारानं नाकात जाणारा वास असतो.

दिवस उन्हाचा असेल तर थंडपणा टिकवणारी पिशवी बरोबर न्या. सुकामेवा, दूध किंवा सोया चालत नसेल, किंवा मद्य वर्ज्य असेल, तर दुकानात शिरल्या शिरल्या आधी ते सांगा. सारणात काय काय असतं ते बाहेरून ओळखू येत नाही, आणि एकाच टेबलावर बनत असल्यानं एकाचा अंश दुसऱ्यात जाऊ शकतो.

दुकान कोणत्या जातीचं?

अशी दुकानं ढोबळमानानं दोन प्रकारची. काही जण कोकोच्या बियांपासून सुरुवात करतात. भाजणं, साल पाखडणं, दळणं, घोटणं सगळं स्वतः करतात आणि मुख्यतः वड्या म्हणजे बार विकतात. काही जण उत्तम प्रतीचं तयार चॉकलेट आणून त्यात आपली सारणं भरतात. त्यांना चॉकलेटियर म्हणतात. यात उच्च-नीच काही नाही. एकाचं कसब बियांत, दुसऱ्याचं सारणात. पण कुठे काय चाखायचं ते यावर ठरतं. पहिल्याकडे साधी वडी घ्या, दुसऱ्याकडे भरलेली चॉकलेटं. "चॉकलेट तुम्ही बियांपासून करता, की तयार आणता?" हा प्रश्न बिनधास्त विचारा. चांगला कारागीर याचं उत्तर मोकळेपणानं देतो.

नावांचा एक घोळ आत्ताच सोडवून टाकतो. 1912 साली ब्रुसेल्समध्ये जाँ नॉइहाउस यांनी कडक कवचात मऊ सारण भरलेलं चॉकलेट आणलं आणि त्याला 'प्रालीन' म्हटलं. त्यामुळे बेल्जियन पद्धतीच्या दुकानात प्रालीन म्हणजे भरलेलं कुठलंही चॉकलेट. फ्रेंच पद्धतीच्या दुकानात मात्र प्रालिने म्हणजे साखरेत परतून वाटलेला सुकामेवा. गनाश म्हणजे क्रीम आणि चॉकलेट एकजीव करून केलेलं मऊ सारण. तेच गनाश गोळा करून कोकोच्या पुडीत घोळवलं की ट्रफल. जांदुया हे मूळचं इटलीतल्या तुरीनचं, त्यात हेझलनटची पेस्ट चॉकलेटमध्ये दळलेली असते. एवढी नावं माहीत असली की बहुतेक पाट्या वाचता येतात.

बोट दाखवण्याआधी बघा

दोन मिनिटं काही न मागता कपाटासमोर उभं राहा. साच्यात ओतलेली चॉकलेटं आरशासारखी चमकतात, कारण साचाच गुळगुळीत असतो. वरून चॉकलेटमध्ये बुडवून काढलेली जरा मंद, रेशमी दिसतात. ती कमअस्सल आहेत असं समजू नका. बघायचं ते राखाडी-पांढरट डाग किंवा भुकटीसारखा थर आहे का ते. उष्णतेनं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, वर आलं, किंवा ओलाव्यानं साखर विरघळून पुन्हा पृष्ठभागावर सुकली, की असं दिसतं. खायला त्यात धोका नसतो, पण पोत बिघडलेला असतो. घरी विसरलेल्या वडीवर असा थर आला तर समजू शकतो, खास दुकानाच्या कपाटात तो दिसू नये.

ही चमक आणि तोडताना येणारा 'टक्' आवाज, दोन्ही टेंपरिंगमुळे, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून वर-खाली नेण्यामुळे येतात. कोको बटर सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातली पाचवी तऱ्हा हवी असते. ती चमकते, कडक राहते आणि साधारण 33-34 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे हातात तुकडा टिकतो आणि तोंडात गेला की ओघळतो. ती मिळवण्यासाठी काळं चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवतात, 27-28 पर्यंत खाली आणतात आणि पुन्हा 31-32 वर नेऊन तिथेच धरून ठेवतात. एक-दोन अंश इकडे-तिकडे झाले की मेहनत पाण्यात. हे कळल्यावर साध्या काळ्या वडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

रंगांना भुलू नका. निळे-लाल शिंतोडे, सोनेरी झाक हे रंगवलेलं कोको बटर साच्यात आधी फवारून आणलेलं असतं. हात सुंदर आहे एवढं त्यातून कळतं, आत काय चव आहे ते कळत नाही. दुकानाची खरी परीक्षा त्या ओळीतल्या सगळ्यात साध्या नगाची असते. नुसतं काळं गनाश, वर काहीच नाही. त्यात लपवायला जागा नसते. कुठल्याही नव्या दुकानात मी पहिलं तेच मागतो.

मग विचारा, "यातलं सगळ्यात ताजं कुठलं?" आणि "हे किती दिवसांत खायला हवं?" ताज्या क्रीमचं गनाश फार टिकत नाही, बहुतेकदा दोन-तीन आठवडेच. "कितीही दिवस ठेवा, काही होत नाही" असं उत्तर मिळालं तर मी भरलेली चॉकलेटं सोडून वडीकडे वळतो. चवीपुरता तुकडा बऱ्याच ठिकाणी देतात, तो मागायला संकोच नको. फक्त कपाटात स्वतः हात घालू नका. बोटाचा ठसा त्या चमकीवर लगेच उमटतो.

टक्क्यांचा आकडा काय सांगतो

वेष्टनावर 70 टक्के लिहिलेलं असतं आणि लोक तो दर्जा समजतात. तो आकडा फक्त एवढं सांगतो की वडीतला इतका भाग कोकोच्या बियांतून आला आहे. त्यात कोकोचा घट्ट भागही आला आणि कोको बटरही. उरलेली जवळजवळ सगळी साखर. आता एका 70 टक्के वडीत कोको बटर जास्त असेल तर ती मऊ आणि सौम्य लागेल, दुसरीत कमी असेल तर दाट आणि कडक. आकडा तोच, चव वेगळी. शिवाय कच्चं राहिलेलं बी कितीही टक्के घातलं तरी कच्चंच लागणार. म्हणून 85 टक्के आवडत नाही याची कुणाला लाज वाटायला नको. 60 टक्क्यांची सुरेख वडी जळकट भाजलेल्या 90 टक्के वडीपेक्षा कधीही सरस.

देशागणिक नियमही वेगळे आहेत. युरोपीय संघात चॉकलेट म्हणवायला किमान 35 टक्के कोको लागतो, मिल्क चॉकलेटला 25. अमेरिकेत मिल्क चॉकलेटला दळलेल्या कोकोचे 10 टक्केही पुरतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा घट्ट भाग नसतोच, फक्त कोको बटर, दूध आणि साखर. युरोपीय नियमानुसार त्यातलं कोको बटर किमान 20 टक्के हवं. पांढऱ्याला नाक मुरडणारे बरेच भेटतात. चांगलं कोको बटर वापरलेलं पांढरं चॉकलेट एकदा खाऊन बघा आणि मग ठरवा.

घटकांची यादी वाचा. काळ्या वडीत कोको, साखर, कदाचित थोडं जास्तीचं कोको बटर, मिश्रण एकजीव ठेवणारं लेसिथिन आणि व्हॅनिला, एवढ्यात काम होतं. कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी दिसली तर ते वेगळं प्रकरण आहे. ते जिभेवर मेणासारखं बसतं.

वडीवर देशाचं किंवा मळ्याचं नाव असेल तर त्याची गंमत जरूर घ्या. कोकोचं झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांच्या पट्ट्यातच वाढतं. जगातल्या कोकोपैकी निम्म्याहून जास्त आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. मादागास्करच्या कोकोत लाल बेरींसारखा लखलखीत आंबटपणा सापडतो, इक्वादोरच्या नासिओनाल जातीत फुलांचा वास. यातलं काहीही वरून घातलेलं नसतं. बोंडातून काढलेल्या बिया त्यांच्या पांढऱ्या गरासकट पेटीत किंवा पानांखाली साधारण पाच-सात दिवस आंबवतात. गरातल्या साखरेचं आधी मद्य होतं, मग आम्ल. ढीग तापतो, बी आतून मरतं, आणि पुढे भाजताना ज्यातून चॉकलेटचा वास येणार ती द्रव्यं तेव्हा तयार होतात. न आंबवलेलं बी कितीही भाजा, तुरट आणि कडवटच राहतं. म्हणजे चवीचं पहिलं श्रेय शेतकऱ्याला जातं. आणि म्हणूनच देशाचं नाव ही काही खात्री नव्हे. त्याच देशातून घाईनं आंबवलेला मालही येतो.

आता चाखा

एका वेळी चार, फार तर पाच. साधं आधी, भरलेलं नंतर. त्यातही सौम्य आधी. पुदिना, मिरची, कॉफी, मद्य असलेलं अगदी शेवटी, कारण त्यानंतर दुसरं काही कळत नाही. काही जाणकार सगळ्यात काळ्यापासून सुरुवात करून पांढऱ्याकडे येतात. त्यांचं म्हणणं असं की दूध-साखरेचा थर जिभेवर आधी बसू नये. दोन्ही करून बघा. मला कमी टक्क्यांकडून जास्तीकडे जाणं सोपं वाटतं, कारण कडूची सवय हळूहळू होत जाते.

मध्ये प्यायला कोमट पाणी मागा. थंड पाण्यानं जिभेवरचं कोको बटर गोठतं आणि पुढचा तुकडा त्या थरावर जाऊन बसतो. सफरचंदाची पातळ फोड किंवा बिनमिठाच्या पावाचा तुकडाही चालेल.

साध्या वडीचा अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा तुकडा घ्या. कानाजवळ धरून तोडा. काळ्याचा आवाज स्पष्ट येतो, दुधाच्या चॉकलेटचा जरा दबका. तुटलेली कड बघा, ती नीट असावी, भुगा पडू नये. मग ती ताजी कड नाकाशी न्या, कारण वास तिथे जास्त मोकळा असतो. वास येत नसेल तर अंगठ्यानं दोन वेळा घासा.

तुकडा जिभेवर ठेवा आणि चावू नका. सगळ्यांना अवघड जातं ते इथेच. फार तर एकदा-दोनदा दात लावून तुकडे करा आणि मग जिभेनं टाळूशी दाबून धरा. पहिले काही क्षण जवळजवळ काहीच घडत नाही, नुसता कडकपणा. मग कडा सुटतात, गोड येतं, तोंडाच्या बाजूंना थोडं आंबट जाणवतं, आणि सगळं पातळ झालं की मधली चव उघडते. ती फळाची असेल, सुक्यामेव्याची, मधाची, ओल्या मातीची, तंबाखूची किंवा भाजलेल्या धान्याची. तोंड मिटून नाकानं श्वास सोडा, ती जास्त ठळक होईल. गिळल्यावरही थांबा. चांगलं चॉकलेट गिळल्यावर दोन-चार मिनिटं रेंगाळतं आणि जाताना बदलत जातं.

कडू आणि तुरट यांत गल्लत होते. कडू ही चव आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे, हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या वाटतात. थोडा तुरटपणा चालतो, तोंडाला कोरड पडत असेल तर बी नीट आंबलेलं नाही असा माझा पहिला संशय असतो. पोत बघा. कण साधारण 20 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके, बारीक दळले की जिभेला वेगळे लागत नाहीत. 1879 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटायचं यंत्र काढलं, तेव्हापासून हा रेशमी पोत आपल्या अंगवळणी पडला. पण रवाळ म्हणजे वाईट असं नाही. इटलीच्या सिसिली बेटावरच्या मोदिका गावचं चॉकलेट कमी उष्णतेवर करतात, त्यात साखर विरघळतच नाही आणि दाताखाली कुरकुरते. ते तसंच असायला हवं.

पाटीवर "लाल बेरी, जाई, कातडं" असं लिहिलेलं असतं. ते नंतर वाचा. आधी वाचलंत तर तेच लागतं, किंवा लागत नाही म्हणून आपलंच काही चुकतंय असं वाटतं. तुम्हाला पावसात भिजलेल्या लाकडाची आठवण आली तर तेच लिहून ठेवा.

भरलेलं चॉकलेट अख्खं तोंडात टाकायचा मोह आवरा आणि सुरी मागा. मधोमध कापा. कवच एकसारखं पातळ असावं, तळाशी जाड थर नसावा. कवच आणि सारण यांच्यामध्ये पोकळी नसावी, तिथे हवा शिरते आणि सारण लवकर खराब होतं. चांगल्या गनाशचा काप मऊ चकाकतो. तेल सुटलेलं किंवा दाणेदार दिसलं तर मिश्रण फाटलेलं आहे. प्रालिने असेल तर वास घ्या. सुकामेवा जुना असेल तर खवट तेलाचा वास लगेच लागतो, आणि चॉकलेट त्याला झाकू शकत नाही.

अर्धं नुसतं विरघळू द्या. उरलेलं अर्धं चावून खा, कारण कवचाचा कुडकुडीतपणा आणि सारणाचा मऊपणा एकत्र यावा अशाच बेतानं ते बनवलेलं असतं. कॅरामल पातळ असेल तर मात्र कापू नका, ते ताटलीत वाहून जाईल. ते एका घासात.

घरी नेताना

छोटा डबा घ्या, सहा किंवा नऊचा. कुठल्या खणात काय आहे याचा कागद मागून घ्या, नाहीतर घरी सगळी सारखीच दिसतात. डब्यालाही इतिहास आहे. नाजूक प्रालीन कागदी पुड्यात चिरडायची, म्हणून 1915 मध्ये नॉइहाउस यांच्या पत्नी लुईझ अगोस्तिनी यांनी 'बालोतँ' हा पुठ्ठ्याचा डबा आणला.

15 ते 18 अंशांची कोरडी, अंधारी जागा उत्तम. तीव्र वासाच्या वस्तूंपासून लांब ठेवा, चॉकलेट वास पटकन शोषतं. फ्रिजशिवाय गत्यंतर नसेल तर हवाबंद डब्यात घालून ठेवा. काढल्यावर डबा बंदच राहू द्या आणि खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा. थंड चॉकलेटवर दव साचतं, साखर विरघळते आणि तो पांढरा थर येतो. शिवाय थंडगार चॉकलेटला ना वास असतो ना चव. काळी वडी नीट ठेवली तर वर्षभरही टिकते, दुधाची त्यापेक्षा कमी, भरलेली दुकानदारानं सांगितलेल्या तारखेच्या आत संपवा. बंद गाडीत पिशवी ठेवून इकडे-तिकडे फिरू नका. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडाच्या टप्प्यात नको. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, आणि जितकं काळं चॉकलेट तितकं ते जास्त.

त्या खणांच्या कागदावरच प्रत्येक नावापुढे दोन-तीन शब्द लिहून ठेवा. आवडलं, जास्त गोड, शेवटी आंबट, पुन्हा घ्यायचं. पुढच्या वेळी जाल तेव्हा तो कागद काउंटरवर ठेवा. "काय देऊ?" असं न विचारता ती मुलगी तो वाचेल आणि बहुधा कपाटातलं असं काहीतरी उचलून देईल, ज्याकडे तुमचं बोट कधीच गेलं नसतं.